हेन्शिन: मॉडेल बदलायला कोड नाही, व्याकरण लिहायचं टूल. नऊ महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. हेन्शिन हे एक्लिप्स या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल, म्हणजे सॉफ्टवेअरचा आराखडा, बदलायचं टूल, ते मी नऊ महिने जवळजवळ रोज वापरलंय, पाचपैकी चार स्टार, आणि तो एक स्टार कापलाय तो शिकायला जो वेळ जातो त्यासाठी. फुकट आहे, एक्लिप्स पब्लिक लायसन्सखाली सोर्स उघडा आहे, एक्लिप्सच्या मॉडेलिंगवाल्या पॅकेजमध्ये अपडेट साइटवरून प्लगइन टाकलं की झालं. नाव जपानी आहे, हेन्शिन म्हणजे रूपांतर.

आता सविस्तर. आमचं काम काय तर क्लायंटकडून मोठी क्लास मॉडेल्स येतात, ईकोअरमध्ये, म्हणजे एक्लिप्सच्या मॉडेल लिहायच्या पद्धतीत, आणि त्यातून डेटाबेसच्या स्कीमाचं, म्हणजे टेबलांच्या रचनेचं, मॉडेल काढायचं. क्लास आला की टेबल, ॲट्रिब्यूट आला की कॉलम, दोन क्लासमध्ये नातं असलं की फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा कॉलम, किंवा मधलं टेबल, वारसा असला, म्हणजे एक क्लास दुसऱ्यावर आधारलेला असला, की वरच्याचं खालच्यात उतरवून तो सपाट करायचा. ऐकायला सोपं वाटतं. आमच्याकडे यासाठी साडेतीन हजार ओळींचा जावा कोड होता, तीन-चार जणांच्या हातून गेलेला, आणि त्यात नेमके कुठले नियम आहेत हे कोणी विचारलं की उत्तर एकच, कोड बघ. कोड बघितला तर इफच्या आत इफ आणि एक हॅशमॅप, ज्यात कुठला क्लास आधीच करून झालाय त्याची नोंद. नियम होते त्यात, पण नियम म्हणून कुठेच लिहिलेले नव्हते.

हेन्शिनमध्ये तुम्ही फक्त नियम लिहिता. तेही चित्रात. यामागचं ग्राफ ग्रामर, म्हणजे नोड आणि बाणांच्या जाळ्याचं व्याकरण, नक्की काय प्रकरण आहे ते मला सगळ्यात चांगलं कळलं ते आपल्या शाळेतल्या मराठी व्याकरणावरून, तसंच सांगते. सामान्यरूप आठवतंय का? घोडा शब्दाला ला लागला की घोड्याला होतं, आंबाचं आंब्याला, म्हणजे आकारान्त पुल्लिंगी नामापुढे विभक्तीचा प्रत्यय आला की शेवटच्या आ चा या. यात एक डावी बाजू आहे, म्हणजे काय दिसलं पाहिजे, आणि एक उजवी बाजू, म्हणजे त्याचं काय करायचं. आणि शिवाय एक अट आहे, काकाचं काक्याला होत नाही, मामाचं माम्याला होत नाही, दादाचं दाद्याला होत नाही, अशा काही नात्याच्या शब्दांना हा नियम लावायचाच नाही. हेन्शिनचा एक रूल बरोबर एवढाच असतो. जे सापडायला हवं आणि तसंच राहणार ते राखाडी, नवीन तयार होणार ते हिरवं, काढून टाकायचं ते लाल, आणि जे तिथे असता कामा नये ते निळं. फरक एवढाच की इथे अक्षरांच्या ओळीऐवजी नोड आणि बाणांचं जाळं असतं. ते निळं म्हणजे आपलं काका-मामावालं कलम, त्याला निगेटिव्ह ॲप्लिकेशन कंडिशन म्हणतात, सगळे नॅक म्हणतात.

हे काही कालपरवा निघालेलं नाहीये. बर्लिनमध्ये एरिग, फेंडर आणि श्नायडर यांनी १९७३ मध्येच ग्राफवर चालणाऱ्या व्याकरणाचं गणित मांडलं होतं, हेन्शिन त्याच घराण्यातलं, त्यावरचा पेपर २०१० चा. आणि पुण्यात बसून वाचणाऱ्यांना हा विषय परका वाटायचं कारण नाही, टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र पुण्यात १९८१ ला सुरू झालं, मॉडेलवरून कोड काढायचं काम तिथे फार जुनं आहे, आणि ओएमजी या सॉफ्टवेअरची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं क्यूव्हीटी नावाचं मॉडेल ट्रान्सफॉर्मेशनचं जे स्टँडर्ड आहे, ज्याची १.० आवृत्ती २००८ ला आली, त्याच्या सुरुवातीच्या पानांवर ज्या संस्थांची नावं आहेत त्यात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आहे. मी ते पान पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच अभिमान वाटला होता.

आता मला हे टूल का आवडलं ते सांगते, आणि ते एका प्रसंगावरून सांगावं लागेल.

आमच्या टीममध्ये डेटाबेस बघणाऱ्या एक मॅडम आहेत, पंचवीस वर्षं नुसते टेबल, इंडेक्स आणि की यांच्यात काढलेली बाई. जावा त्यांना येत नाही आणि शिकायचंही नाही असं त्या स्पष्ट सांगतात. अनेकाला-अनेक नात्याचा माझा रूल मी मोठ्या स्क्रीनवर लावला होता. चित्रात काय होतं, एक रेफरन्स, म्हणजे एका क्लासकडून दुसऱ्याकडे जाणारा दुवा, तो ज्याच्यात आहे तो क्लास, तो ज्याच्याकडे बोट दाखवतो तो क्लास, त्या दोन्ही क्लासची आधीच तयार झालेली टेबलं, आणि हिरव्यात मधलं नवीन टेबल, त्यात दोन फॉरेन की कॉलम. निळ्यात एक ट्रेस, म्हणजे कशावरून काय तयार झालं याची नोंद, अर्थ असा की या रेफरन्सचं टेबल आधीच झालं असेल तर परत करू नका. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगं पण हा उलट बाजूनेही बसेल ना?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. विद्यार्थी आणि विषय घ्या. विद्यार्थ्याला अनेक विषय, विषयाला अनेक विद्यार्थी. ईकोअरमध्ये असं दोन्हीकडून जाणारं नातं म्हणजे एक वस्तू नसते, दोन रेफरन्स असतात, एकमेकांचे ऑपोझिट म्हणून जोडलेले. माझा रूल विद्यार्थ्याकडून एकदा बसणार, मधलं टेबल करणार, आणि मग विषयाकडून परत बसणार कारण त्या दुसऱ्या रेफरन्सवर ट्रेस नाहीये, आणि अजून एक टेबल करणार. विद्यार्थी_विषय आणि विषय_विद्यार्थी, एकाच गोष्टीची दोन टेबलं. मग आम्ही जुना जावा कोड उघडून बघितला तर त्यातही हीच चूक होती, फक्त तिथे पुढे कुठेतरी नावांची तुलना करून दुसरं टेबल गाळलं जायचं आणि नावं जरा वेगळी पडली की ते गाळणं फसायचं. प्रॉडक्शनमध्ये एका टेबलात निम्मा डेटा आणि दुसऱ्यात निम्मा, हे आम्ही पूर्वी एकदा दोन आठवडे शोधत बसलो होतो. मॅडमना ते चित्रात दोन मिनिटांत दिसलं.

माझ्यासाठी या टूलची खरी किंमत ही आहे. नियम कोडच्या पोटातून बाहेर येऊन समोर बसतो आणि ज्याला कोड येत नाही पण विषय येतो तो माणूस त्याच्याशी भांडू शकतो. आमच्याकडे आता मॅडम चार रंगांची पेनं घेऊन कागदावर रूल काढून आणतात, मी ते एडिटरमध्ये काढते.

ती चूक दुरुस्त करताना एक गोष्ट शिकले ती नवीन वापरणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवा कारण तिथे सगळेच अडकतात. मी ऑपोझिट रेफरन्सवरचा ट्रेससुद्धा निळा केला, आता दोन निळे तुकडे झाले, रन केलं, आणि दोन्ही टेबलं परत आली. का? तर नुसतं फॉरबिड लिहिलं की सगळे निळे तुकडे मिळून एकच नॅक होतो, म्हणजे हे आणि ते दोन्ही एकदम असेल तरच अडवा. मला हवं होतं हे असेल तरी अडवा आणि ते असेल तरी अडवा. त्यासाठी फॉरबिडच्या पुढे हॅश देऊन वेगवेगळी नावं द्यायची, एकाला एक आणि दुसऱ्याला दोन असं काहीही चालतं, मग ते दोन स्वतंत्र नॅक होतात. बोलताना आपण दोन्हीला एकाच दमात "हे नको, ते नको" म्हणतो पण टूलला त्यातला फरक नावानेच कळतो.

दुसरी जागा जिथे मी रात्रीचे अकरा वाजवले ती म्हणजे डँगलिंग. वारसा सपाट केल्यावर वरचा ॲबस्ट्रॅक्ट क्लास काढून टाकायचा रूल होता, अगदी साधा, एक लाल नोड आणि एक लाल बाण. छोट्या मॉडेलवर चालला, क्लायंटच्या मॉडेलवर चालेना. एरर वगैरे काही नाही, रूल नुसता लागतच नव्हता, मॅच सापडला नाही एवढंच. मी लूप तपासला, पॅरामीटर तपासले, सगळं तपासलं. शेवटी कळलं की त्या क्लासकडे दुसऱ्या कुठल्या तरी पॅकेजमधला एक रेफरन्स बोट दाखवत होता, माझ्या रूलमध्ये त्या बाणाचा उल्लेखच नव्हता, आणि हेन्शिन असा नोड काढू देत नाही ज्याच्या मागे लोंबकळणारा बाण उरेल. ही त्या १९७३ च्या गणितातलीच अट आहे, बाय डिफॉल्ट चालू असते, रूलच्या प्रॉपर्टीमध्ये चेक डँगलिंग म्हणून दिसते. बंद करता येते. मी क्षणभर बंद करायच्या बेतात होते आणि मग विचार केला की जुन्या जावा कोडमध्ये आपण काय करत होतो? तो क्लास उडवत होतो आणि कुठेतरी एक तुटका रेफरन्स सोडून देत होतो जो तीन पायऱ्या पुढे जाऊन नल पॉइंटर म्हणून फुटायचा. म्हणून अट चालू ठेवली आणि आधी ते रेफरन्स खालच्या क्लासकडे वळवणारा वेगळा रूल लिहिला. हेच बरोबर होतं. फक्त रूल लागला नाही तेव्हा का लागला नाही ते शोधायची सवय लावून घ्यावी लागते, माझी पद्धत अशी की मॉडेल कापत कापत इतकं लहान करायचं की डोळ्याला कारण दिसेल.

रूलचा क्रम लावायला युनिट असतात, एकामागे एक, जोवर लागतंय तोवर, अट असेल तर, प्राधान्याने वगैरे. फार काही सांगण्यासारखं नाही, चांगले आहेत, फक्त लूप युनिटमध्ये नुसतं नवीन तयार करणारा, नॅक नसलेला रूल टाकू नका, तो एकदा लागला की थांबणार नाही. आणि कुठलेही रूल दिले की हे थांबतील का नाही ते सांगणारा सरसकट उपाय असूच शकत नाही, डेटलेफ प्लंप यांनी १९९८ मध्ये ग्राफच्या नियमांबद्दल ते सिद्ध करून ठेवलंय, त्यामुळे ते बघायची जबाबदारी लिहिणाऱ्याची.

क्रिटिकल पेअर ॲनालिसिस मात्र थांबून सांगावं असं फीचर आहे. तुमच्याकडे पंधरा रूल आहेत, कुठला कुठल्याच्या पायात पाय घालतो ते रन न करता, कुठलंही मॉडेल न देता हे टूल सांगतं. आमचं उदाहरण, एक रूल वरच्या क्लासचे ॲट्रिब्यूट खालच्या क्लासमध्ये उतरवतो, दुसरा वरचा क्लास काढून टाकतो. दुसरा आधी लागला तर पहिल्याला हवा असलेला नोडच उरत नाही. हे तर कोणीही सांगेल, बरोबर, पण आमच्याकडे अजून दोन जोड्या निघाल्या ज्या कोणाच्याही डोक्यात नव्हत्या, आणि टूल नुसतं नाव सांगून थांबत नाही, ज्या छोट्यात छोट्या ग्राफवर भांडण होतं तो ग्राफच काढून दाखवतं. जावा कोडमध्ये ही माहिती मिळवायचा एकच मार्ग आहे, टेस्ट केस लिहीत बसणं आणि नशीब. रूल मोठे असले की हे ॲनालिसिस वेळ खातं हे खरं, आमचा एक अकरा नोडचा रूल होता तो आम्ही फोडून दोन केले, आणि फोडल्यावर तो वाचायलाही सोपा झाला. नंतरच्या आवृत्त्यांत टप्प्याटप्प्यानेही बघता येतं, आधी भांडण आहे का नाही एवढंच, मग नेमकं कशावरून.

आता उणी बाजू. सगळ्यात मोठी म्हणजे उलटं जाता येत नाही. क्लासवरून टेबल काढलं, उद्या डेटाबेस सांभाळणाऱ्याने टेबलात एक कॉलम वाढवला, तो परत क्लास मॉडेलमध्ये कसा आणायचा? हेन्शिनमध्ये उलट दिशेचे रूल हाताने वेगळे लिहायचे, आणि मग दोन्ही संच एकमेकांशी जुळतात का ते तुम्हीच बघायचं. यासाठी वेगळा प्रकार आहे, ट्रिपल ग्राफ ग्रामर, आंडी शूर यांनी १९९४ मध्ये मांडलेला, त्याच्याही मागे प्रॅट यांचं १९७१ चं जोडीच्या व्याकरणाचं काम आहे. त्यात एकच नियम तीन भागांत लिहितात, इकडचा ग्राफ, तिकडचा ग्राफ आणि मधला दुवा, तिन्ही एकत्र कसे वाढतात तेवढं फक्त सांगायचं आणि त्यातून टूल स्वतः जायचं आणि यायचं दोन्ही काढून देतं. हे म्हणजे शाळेत संधी करा आणि संधी सोडवा हे दोन प्रश्न असायचे पण पाठ करायचा नियम एकच असायचा, तसं. आणि अडचणसुद्धा तीच आहे बघा. सूर्य आणि उदय दिले की सूर्योदय एकच होतं, पण नुसता ओ बघून मागे जायचं म्हटलं तर तो अ अधिक उ असेल किंवा आ अधिक उ असेल, महोत्सवमध्ये महा आहे हे तुम्हाला शब्द माहीत आहे म्हणून कळतं, नियमातून नाही. तसंच मधलं टेबल बघून हे मूळ अनेकाला-अनेक नातं होतं का मूळातच एक स्वतंत्र क्लास होता हे नुसत्या व्याकरणाला ठरवता येत नाही, कोणीतरी सांगावं लागतं. त्यामुळे ज्यांना दोन्ही मॉडेलं कायम जुळवत ठेवायची आहेत त्यांनी हेन्शिन न घेता ईमॉफ्लॉन बघावं, दार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात सुरू झालेलं, तेही फुकट. पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी तर नक्कीच, सिसएमएल (सिस्टिमच्या आराखड्याची भाषा) आणि ऑटोसार (गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं स्टँडर्ड) मॉडेलं एकमेकांशी जुळवून ठेवायला ट्रिपल ग्राफ ग्रामर वापरल्याचं काम जर्मनीत पॉट्सडॅमच्या लोकांनी २०१० मध्येच छापलंय.

स्पीडबद्दल विचारणारे बरेच असतात. मोठ्या ग्राफात छोटा ग्राफ शोधणं हा प्रश्न सर्वसाधारणपणे एनपी कम्प्लीट आहे, म्हणजे सगळ्या ग्राफांवर पटकन चालेल अशी पद्धत कोणाला माहीत नाही, पण रूल लहान असला की व्यवहारात काही त्रास होत नाही. त्रास होतो तो रूलमध्ये एकमेकांशी न जोडलेले दोन नोड ठेवले की. पाच हजार क्लास असतील आणि तुम्ही कुठलाही क्लास अ आणि कुठलाही क्लास ब असं लिहिलंत तर अडीच कोटी जोड्या झाल्या. मधे एक बाण टाका, किंवा एक नोड पॅरामीटर म्हणून बाहेरून द्या, लगेच फरक दिसतो. आमचा सगळ्यात हळू रूल असाच एका बाणाने ताळ्यावर आला.

किरकोळ गोष्टी पटापट. डायग्राम गिटमध्ये मर्ज करणं कठीण आहे, दोघांनी एकच फाइल उघडली की वैताग, म्हणून आम्ही एका मॉड्यूलला एकच माणूस ठेवतो, टेक्स्टमध्ये रूल लिहायचीही सोय आहे ती टीम मोठी असेल तर वापरा. ॲट्रिब्यूटची गणितं जावास्क्रिप्टमध्ये लिहायची असतात, आणि नॅशहॉर्न हे इंजिन जावा १५ पासून जेडीकेमधून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, गेलंय, त्यामुळे कुठल्या जावावर चालवणार ते पहिल्याच दिवशी ठरवा. जावामधून बोलवायला एपीआय छान आहे, मॉड्यूल लोड करा, मॉडेलचा ग्राफ करा, युनिटला पॅरामीटर द्या, एक्झिक्यूट, दहाबारा ओळीत होतं, आमच्या बिल्डमध्ये ते बिनबोभाट चालतंय. डॉक्युमेंटेशन विद्यापीठातल्या लोकांनी लिहिल्यासारखं आहे, अचूक आहे पण हात धरून नेत नाही.

तुमचं काम एकाच दिशेचं, सरळ यादीसारखं असेल, इकडचा एक प्रकार तिकडचा एक प्रकार, तर एटीएल ही मॉडेल बदलायची भाषा घ्या, टेक्स्ट आहे आणि लवकर जमतं. मॉडेल सतत बदलत असेल आणि बदल झाला की लगेच उत्तर हवं असेल तर बुडापेस्टचं व्हिएट्रा. पण मॉडेल जागच्या जागी बदलायचं असेल, नियम एकमेकांत गुंतलेले असतील, आणि ते नियम कोड न येणाऱ्या माणसाला दाखवून पटवायचे असतील तर हेन्शिनच.

सुरुवात त्यांच्या बँकेच्या उदाहरणापासून करा. त्यात खातं उघडायचा एक रूल आहे, निळ्यात लिहिलंय की त्याच नंबरचं खातं आधी नसावं. तो एकदा चालवा, मग तोच नंबर देऊन परत चालवा आणि रूल लागत नाही ते बघा. मग तो निळा नोड काढून परत चालवा, एकाच नंबरची दोन खाती मॉडेलमध्ये शेजारी शेजारी दिसतील. त्यानंतर पैसे ट्रान्सफर करायचा रूल उघडा, त्यात रक्कम शून्यापेक्षा जास्त असावी अशी अट आहे, ती काढा आणि उणे पाचशे पाठवून बघा कोणाच्या खात्यातून कोणाकडे जातात.